१९६४ चा स्लॉट कार सेट, ₹३२,७४९ आणि न हललेली शेपटी

आधी आकडा सांगतो, स्लॉट कार सेटच्या (खाच असलेल्या ट्रॅकवर विजेने धावणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या) खरेदीत मी फसलो त्याचा. ₹३२,७४९. त्यात टोकन ₹२,०००, सेटचे उरलेले ₹१९,५००, तीन ‘बंद’ एअरफिक्स किटचे (जोडून करायची प्लास्टिकची विमानं) ₹६,४००, पॅकिंग आणि कुरिअर ₹१,८५०, आणि ‘वस्तू पोचल्यावर परत मिळणारा’ विमा ₹२,९९९. नऊ दिवसांत पाच वेळा यूपीआय. शेवटची रक्कम वाचून हसू आलं असेल तर हसा, घरातल्यांचं हसून झालंय.

पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. जुन्या खेळण्यांच्या समूहात जाहिरात, ‘काका, काका’ करणारा गोड बोलणारा मुलगा, आजोबांनी विलायतेहून आणलेला सेट, घर रिकामं करायचंय, पुण्याचं एक गिऱ्हाईक उद्या येतंय पण ‘तुम्ही इंदूरचे, आमची मावशी रामबागेतच असते, म्हणून आधी तुम्हाला विचारतो’. हे सगळं मला कळत होतं. कळत असूनही टोकन पाठवलं, कारण बाहेरून मागवायचं म्हटलं तर परवडत नाही. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. वर टपालखर्च. त्यापुढे देशातल्या देशात ₹२१,५०० ला ‘स्कॅलेक्स्ट्रिक’ या ब्रिटिश ब्रँडचा चालू स्थितीतला सेट हा सौदा वेडगळ वाटत नव्हता. आणि मी काही हा खेळ पहिल्यांदा पाहणारा नव्हे. मोटरचं आर्मेचर (आतला तार गुंडाळलेला फिरणारा भाग) मोजता येतं, कंट्रोलरची जळलेली तार बदलता येते. त्याच मस्तीत कुणाला विचारलं नाही.

आता तो क्षण. त्याने ३८ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. हिरवी गाडी सरळ पट्टीवरून येते आणि वळणावर जाते. रुळावरच्या आगगाडीसारखी, अजिबात न डगमगता, वळण घेऊन निघून जाते. मी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला आणि सहाही वेळा खूश झालो.

अहो, साठच्या दशकातली गाडी अशी वळत नाही! त्या काळच्या गाडीला रुळांशी धरून ठेवणारं वेगळं चुंबक नसतं. ती पुढच्या गाइडवर (ट्रॅकच्या खाचेत बसणारी पाती) आणि मागच्या रबरी टायरांच्या पकडीवर चालते. वळणावर वेग जरा जास्त झाला की मागचा भाग बाहेर फेकला जातो, शेपटी हलते, आणि तुम्ही थ्रॉटल (हातातला वेगाचा खटका) सोडला नाहीत तर गाडी खाटेखाली जाते. खेळाची सगळी मजा त्यातच आहे. मागच्या आसापाशी चुंबक बसवायची पद्धत पुढे काही दशकांनी आली. ट्रॅकचे रूळ पोलादी असतात, म्हणून चुंबक गाडीला खाली ओढून धरतं आणि ती चिकटल्यासारखी वळते. व्हिडिओतली गाडी नवीन होती, वर जुन्यासारखी बॉडी चढवलेली. हे मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. उघडे डोळे असताना सुचलं नाही.

तुम्ही विक्रेत्याकडून व्हिडिओ मागवाल तेव्हा वळणच मागा, आणि पूर्ण थ्रॉटलवर. गाडी बाहेर पडली पाहिजे. पडली नाही तर ती त्या काळची नाही.

दुसरं, ट्रॅकचे सांधे. स्कॅलेक्स्ट्रिक १९५७ मध्ये आलं, मिनिमॉडेल्स कंपनीच्या फ्रेड फ्रान्सिसने स्प्रिंगवर पळणाऱ्या ‘स्केलेक्स’ गाड्यांना विजेची मोटर बसवून केलेलं. सुरुवातीच्या गाड्यांची बॉडी पत्र्याची आणि ट्रॅक रबराचा. प्लास्टिकचा ट्रॅक साठच्या दशकात आला. तो जुना ‘क्लासिक’ ट्रॅक आणि २००० नंतरचा ‘स्पोर्ट’ ट्रॅक यांचे सांधे एकमेकांत बसत नाहीत, मध्ये एक खास जोडतुकडा लागतो. फोटोत क्लासिक होता, व्हिडिओत स्पोर्ट. माझ्याकडे आले दोन्ही, मिसळून, जोडतुकड्याशिवाय. नेहमीच्या वळणाचे ८ तुकडे लागले की वर्तुळ बंद होतं. मला क्लासिकचे ५ आणि स्पोर्टचे ३ मिळाले. मोजले तर आठ, जोडले तर काहीच नाही. म्हणून नुसती ‘१६ तुकडे’ अशी संख्या लिहून घेऊ नका. प्रत्येक तुकडा उलटा ठेवून फोटो मागा, खालच्या बाजूला छापलेलं सगळं वाचता आलं पाहिजे.

बॉक्सही बघा. १९५८ पासून स्कॅलेक्स्ट्रिक लाइन्स ब्रदर्स या खेळणी कंपनीकडे होतं, म्हणून १९६४ च्या खोक्यावर त्यांचं ‘ट्राय-अँग’ हे नाव हवं. माझ्या खोक्यावर ‘हॉर्नबी’ आहे. लाइन्स ब्रदर्स १९७१ मध्ये बुडाली, हॉर्नबी हे नाव या खेळावर येतं ते त्यानंतर. फोटोत झाकण तिरकं धरलेलं, तो कोपरा नेमका अंगठ्याखाली. अंगठा!

छपाई खरी की घरच्या प्रिंटरची, हे सराफ्यातले कारागीर वापरतात त्या दहापटीच्या भिंगातून कळतं. जुन्या छपाईत रंगांच्या ठिपक्यांची शिस्तीतली जाळी दिसते, इंकजेटमध्ये शाई भुरभुरलेली. यूव्ही टॉर्च घेऊन कागद चमकतो का ते बघायचा सल्ला काही जण देतात. तो इथे निरुपयोगी आहे, कागदाला चमक आणणारी रसायनं १९५० च्या दशकातच वापरात आली होती, म्हणजे खरा १९६४ चा कागदही चमकू शकतो.

गाड्या दोन आल्या. एकीची बॉडी रेझिनची निघाली: वजनाला जड, आतून खरखरीत, कडेला बारीक बुडबुडे. साच्यात दाबून काढलेल्या प्लास्टिकच्या बॉडीला आतल्या बाजूने साच्याच्या पिनांचे गोल वळ असतात. म्हणून आतला फोटो मागा, बाहेरचा रंग कुणीही देतो. दुसरीची बॉडी खरी असावी, पण मोटर मेलेली. मोटर तपासायला दोन मिनिटं लागतात. आर्मेचर तीन पोलचं असतं, कम्युटेटरवर (आसावरच्या तांब्याच्या कड्यावर) तीन पट्ट्या. मल्टीमीटर सर्वांत कमी ओहमवर ठेवून पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली अशा जोड्या मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादी जोडी वेगळी आली तर वाइंडिंग तुटलंय किंवा शॉर्ट आहे, आणि मग नुसते कार्बन ब्रश बदलून उपयोग नाही. माझ्याकडचे आकडे: ७.८, ७.९ आणि १५.७. विक्रेत्याला हे तीन आकडे व्हिडिओवर दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करेल तर तुमचे पैसे वाचले.

टायर नखाने दाबून बघा. साठ वर्षांचं रबर दगड होतं किंवा चाकाच्या प्लास्टिकला चिकटून ते वितळवतं. काळेभोर, मऊ, चमकदार टायर ‘मूळचेच आहेत’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा.

ट्रान्सफॉर्मर पाठवलाच नव्हता, आणि ते एक बरंच झालं. त्या काळच्या वायरीचं रबर तडकलेलं असतं, तो कधीच प्लगला लावू नका. इंदूरच्या जेल रोडवरून १२ व्होल्टचा, किमान २ अँपिअरचा डीसी अडॅप्टर आणा. गाडी उलटी पळाली तर धन-ऋण अदलाबदल करा. रूळ गंजले असतील तर पॉलिशपेपर लावू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंजतात. साधं खोडरबर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेलं फडकं. गाडीखालच्या तांब्याच्या चपट्या वेण्या टोकाला विंचरून थोड्या खाली वाकवा, निम्म्या ‘बंद’ गाड्या एवढ्यावरच चालू होतात. (माझी झाली नाही, तिचं वर सांगितलंच.)

किटचं थोडक्यात, कारण तिथे चूक निव्वळ माझी. ‘साठच्या दशकातली १:७२ ची स्पिटफायर, बॉक्स सीलबंद’. एअरफिक्सची त्या काळची पहिल्या मालिकेतली छोटी विमानं बॉक्समध्ये येतच नसत. प्लास्टिकची पिशवी आणि वर कागदाची घडी, किंमत दोन शिलिंग. सीलबंद बॉक्स म्हणजे एक तर पुढच्या काळातलं किंवा पुन्हा गुंडाळलेलं. ती पारदर्शक पन्नी सियागंजात किलोने मिळते आणि हेअर ड्रायरने बसते. आत सुट्या भागांच्या फ्रेम होत्या, पण तिन्हींत काचेचा भाग, म्हणजे कॉकपिटचं झाकण, गायब. तो भाग घरी करणं फार अवघड, म्हणून तोच आधी विचारा. पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर पिवळे पडले असतील तर घाबरायचं कारण नाही, पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवा, दोन-तीन आठवड्यांत उन्हाने पांढरे होतात. तडकले असतील तर पाण्यात टाकण्याआधी त्यांवर वार्निशचा फवारा मारा, नाही तर भुगा होतो.

आता तक्रारीचं. पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ माझ्याकडे आहे, पावत्या आहेत, संभाषणाचे १४७ स्क्रीनशॉट आहेत. पोलीस ठाण्यात गेलो. पहिलं वाक्य: ‘‘भाईसाहब, खिलौने की रिपोर्ट लिखवाने आए हो?’’ बाकावरचे दोघे हसले. दुसरं वाक्य: ‘‘सामान तो आया ना? फिर ठगी कैसी?’’ मी क्लासिक-स्पोर्ट समजावायला लागलो. माझी चूक झाली. ट्रॅकचे दोन तुकडे पिशवीतून काढून टेबलावर ठेवले, बसत नाहीत हे दाखवलं. साहेबांनी ते घेतले, दोन मिनिटं जोर लावला, एकाची खुंटी मोडली, आणि म्हणाले, ‘‘लग तो रहा है.’’

तिथून दुसऱ्या ठाण्यात, कारण ‘पैसे गेले त्या खात्याची शाखा आमच्याकडे येत नाही’. तिथून परत पहिल्या. बँकेतल्या बाईंनी सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. संमती १९६४ च्या सेटला होती हो! स्टेटमेंटवर सही-शिक्का हवा म्हणून दोन फेऱ्या, शिक्का गोल हवा होता म्हणून तिसरी. ऑनलाइन तक्रारीत ‘वेगळी वस्तू पाठवली’ असा पर्यायच सापडला नाही, ‘इतर’ निवडलं, आणि एकविसाव्या दिवशी तक्रार निकाली निघाल्याचा संदेश आला. कुणाचा फोन नाही, एक प्रश्न नाही. ओळखीचे वकील म्हणाले, ग्राहक कायदा व्यापाऱ्याला लागतो, आजोबांचा सेट विकणाऱ्या नातवाला नाही. तो धंदाच करतो हे तुम्ही सिद्ध करा. म्हणजे पोलिसांच्या लेखी हा व्यवहार आणि कायद्याच्या लेखी घरगुती देवघेव. ₹३२,७४९ ची घरगुती देवघेव!

तुमच्यावर वेळ आली तर तोंडी बोलण्यात दिवस घालवू नका. पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन लावा, खातं गोठण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. मी चौथ्या दिवशी लावला, कारण तोवर ‘बदलून पाठवतो काका’ चालू होतं. अर्जात ‘खेळणं’ हा शब्द लिहू नका, ‘संग्राह्य वस्तू’ लिहा आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक) नावानिशी घाला. गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी अर्ज टपालाने, आणि पोच जपून. माझा गेलाय, उत्तर यायचंय. विम्याचे पैसे ‘परत मिळणारे’ असतील तर ते आधी घेतलेच कशाला, हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायचा असतो.

एक शेवटचं, आणि हे तातडीचं. फोटोतल्या खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या बॉलपेनने ‘बंटी’ लिहिलेलं दिसतं, टच्या वेलांटीशेजारी शाईचा डाग आहे. मला आलेल्या खोक्यावर ते नाही. फोटो दुसऱ्याच कुणाच्या तरी सेटचे आहेत. गेल्या मंगळवारी तेच फोटो पुन्हा दिसले. नाव वेगळं, गाव वेगळं, भाव ₹२४,०००, आणि या वेळी मावशी बडोद्यात, दांडिया बाजारला राहते.