साउंडबोर्ड फुटलाय म्हणून ३५ हजार घेतले, आवाज भलत्याचाच होता

घरी ग्रँड पियानो असेल तर प्लीज वाचा, आमचे ३५ हजार गेलेत. मुलगी शिकतेय म्हणून सासऱ्यांचा जुना पियानो कॅम्पातून कोथरूडला आणला. मे महिन्यात मधल्या सीच्या खालचा एफ वाजवला की झर्रर्र व्हायला लागलं, बाकी सगळे सूर स्वच्छ. ओळखीतून एक रिपेअरवाला मिळाला, त्याने टॉर्च मारून साउंडबोर्डवरची, म्हणजे तारांखालच्या लाकडी फळीवरची, बारीक चीर दाखवली आणि म्हणाला बोर्ड गेलाय, दोनशेच्या वर तारा आहेत, कित्येक टनांचा ताण, कधीही बसेल. आम्ही घाबरलो, कॅश दिली, पावतीसुद्धा मागितली नाही. दोन दिवस ठोकाठोकी, चिरेत काहीतरी भरलं, पॉलिश फासलं, आवाज बंद.

जुलैत परत तेच. फोन केला तर म्हणे आता पिनब्लॉक (तारांच्या खुंट्या ज्यात बसवतात तो लाकडी ठोकळा) बदलायचा, आणखी ९० हजार. तेव्हा कुठे शंका आली.

मग कॅम्पातल्या एका वयस्कर ट्यूनर काकांना बोलावलं. त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. मुलीला म्हणाले, बाळा, तो एफ वाजवत राहा, आणि स्वतः खोलीभर फिरले, खिडकीची काच, फोटोफ्रेम, शोकेस, एकेकावर हात ठेवून, कारण एखाद्या सुराला घरातली वस्तूसुद्धा थरथरते आणि वाटतं पियानोच बिघडला. मग झाकण, बिजागरीची पिन, म्युझिक स्टँड. मग खाली आडवे होऊन बोर्डच्या पट्ट्या दाबल्या. पट्टी सुटली असती तर दाबल्यावर आवाज थांबला असता, तसं झालं नाही. नुसत्या चिरेने सहसा आवाज येत नाही म्हणाले, आणि पावसाळ्यात लाकूड फुगून चीर मिटत जाते, तुमचा आवाज तर ऐन पावसात परत आलाय. तारांचा मुख्य ताण लोखंडी फ्रेम घेते, म्हणजे ती बोर्ड बसायची भीतीसुद्धा खोटीच.

शेवटी तारांखालून पातळ पट्टी सरकवली, मुलीची टिकटॅक क्लिप बाहेर आली. ठोकाठोकीत जरा सरकली असणार, म्हणून तेवढे दिवस शांत. पोरगी रडायलाच लागली, आई माझ्यामुळे झालं म्हणून. तिची काय चूक, जो पैसे घेतो त्याने आधी बघायला नको?

आवाज आला की हे सगळं तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा, लगेच मोठी रक्कम सांगणाऱ्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका. त्या माणसाचा फोन आता लागत नाही. त्याने फासलेलं पॉलिश खरवडून काढू का विचारलं तर काका म्हणाले हात लावू नका, बोर्ड आणखी खराब होईल.