लॉगबुकातले ६२ तास

९ ऑक्टोबर २०२१ ला आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा माझी मुलगी शाळेत शिकत होती. सड्यावर उतरणारं विमान बघायला आम्ही मुद्दाम देवगडहून गाडी काढून गेलो होतो. त्या दिवसापासून तिने पायलट व्हायचं मनाशी धरलं. बारावी सायन्स, फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन चांगल्या मार्कांनी पास झाली. आमच्या घरात आंब्याच्या कलमांपलीकडे कोणाला काही ठाऊक नाही, त्यामुळे पुढचं कोणाला विचारायचं हेच कळेना.

अशात तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ ‘पायलट ट्रेनिंग’चा फलक लागला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ते चालवणारा माणूस बोलायला गोड, पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. म्हणाला, “काका, लायसन्सला २०० तास लागतात. त्यातले १०० तास आपल्या सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटवर झाले की विमानाचे फक्त १०० उरतात. तुमचा निम्मा खर्च वाचतो. शिवाय चिपी झालंय, आता इथल्याच मुलांना घेणार.” पायलट होण्याचा खर्च ४०-५० लाखांच्या घरात जातो हे मी ऐकून होतो. निम्मा वाचतोय म्हटल्यावर माझी पण मान डोलली.

भिंतीवर अशोकस्तंभाचं चिन्ह असलेलं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं होतं. मी ते लांबून बघितलं, वाचलं नाही. पुढे वाचलं तेव्हा कळलं, ते उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं होतं. कोणीही ऑनलाइन फुकट काढू शकतो. विमान उडवायला शिकवण्याचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही.

वाशीहून दलालाची पट्टी आली त्यातले ३ लाख रोख दिले, १ लाख ८० हजार बँकेतून पाठवले. रोख रकमेची पावती ‘नंतर देतो’वर राहिली ती राहिलीच.

सिम्युलेटर म्हणजे काय होतं ते सांगतो. टेबलावर तीन स्क्रीन, टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळलेलं स्टिअरिंग, समोर जुन्या मारुतीची सीट. एकदा मुलीला आणायला गेलो तेव्हा स्क्रीनवर धावपट्टी होती आणि खालच्या पट्टीत कॉम्प्युटरचं घड्याळ, इंटरनेटची खूण, सगळं दिसत होतं. घरी खेळतात तसला गेम होता तो. मुलगी मात्र ताठ बसून, कपाळाला घाम आलेला, एकेक आकडा वाचत होती. तिची मेहनत खरी होती, मला सगळ्यात जास्त तेच लागतं.

६२ तास झाल्यावर बारामतीच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये चौकशीला गेलो. तिथल्या इन्स्ट्रक्टरनी लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची नोंदवही उघडली आणि सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं. सह्या होत्या, पण सही करणाऱ्याचा लायसन्स नंबर एकाही ओळीत नव्हता. मुलगी बाहेर येऊन म्हणाली, “बाबा, ह्यातलो एक पण तास धरणत नाय म्हणतत.” मग परत गाडीत बसेपर्यंत बोलली नाही.

त्या इन्स्ट्रक्टरनी आम्हाला तासभर बसवून समजावलं. ते २०० तास खऱ्या विमानातले, त्यातले १०० तास स्वतः मुख्य वैमानिक म्हणून. सिम्युलेटरला जागा आहे, पण ती इन्स्ट्रुमेंट बघून उडवण्याच्या सरावातल्या ठरावीक हिश्श्यापुरती, आणि सिम्युलेटर डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने मान्य केलेला हवा. मोठ्या विमानाचा सिम्युलेटर, सहा पायांवर हलणारी अख्खी कॉकपिट, तो लायसन्स हातात आल्यावर. एअरबस ए३२० चा वेगळा, बोईंग ७३७ चा वेगळा, आणि त्यावर टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारचं विमान उडवायची परवानगी मिळवायची. आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास २ मेडिकल, मग क्लास १, परीक्षेला बसण्यासाठी डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, आणि नेव्हिगेशन, मेटिरिऑलॉजी (हवामान), रेग्युलेशन्स (नियम) यांचे पेपर. आमच्याकडे त्या माणसाने मेडिकलचा शब्दही काढला नव्हता. तिच्याच बॅचमधल्या एका मुलाला नंतर तपासणीत रंगांधळेपणा निघाला. त्याच्या आईने दागिने गहाण ठेवले होते. ही तपासणी आधी करायला सांगितली असती तर ते पैसे वाचले असते, म्हणून मला त्या माणसाचा राग येतो तो माझ्या पैशांपेक्षा या मुलासाठी जास्त येतो.

पालकांनो, पैसे देण्याआधी एवढं करा. मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर आहे, त्यात नाव शोधा. सिम्युलेटर दाखवला तर त्याचं डीजीसीएचं मान्यतापत्र हातात मागून घ्या आणि त्यावरचं नाव, पत्ता, मुदत वाचा. शिकवणाऱ्याचा लायसन्स नंबर लिहून घ्या. नोकरीची हमी देणारा भेटला तर तिथून उठा. एअरलाइन आपली भरती स्वतः करते. रोख देऊ नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येऊ शकते. आम्हाला कळेपर्यंत महिने उलटले होते.

आता पोलिसांत तक्रार दिली आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. बँकेतून गेलेल्या रकमेचा पुरावा आहे. रोख ३ लाखांसाठी माझ्याकडे फक्त त्या माणसाचे मेसेज आहेत.

मुलीचं क्लास २ मेडिकल झालं, ती नेव्हिगेशनचा अभ्यास करते आहे. तिच्या बॅचला तिच्याशिवाय नऊ मुलं होती. सहा जणांच्या घरी मी जाऊन आलो, चौघे तक्रारीत नाव घालायला तयार झाले. उरलेल्या तिघांचे पत्ते मिळालेले नाहीत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचलं तर लॉगबुक आणि मेसेज पुसू नका, टाकू नका. पुढच्या तारखेला आम्हाला ते लागणार आहेत.