कोवळ्या रोपांसाठीचा छाटणी-वळण संच: तार उत्तम, कात्री चांगली, चाप मर्यादित, जाळी अवेळी

दिव्याच्या प्रकाशात घराच्या आत रोपे वाढवणाऱ्यांसाठी हल्ली एक ठरावीक संच विकला जातो. अरुंद, टोकदार पात्यांची छोटी कात्री, मऊ आवरण असलेल्या तारेचे वेटोळे, कोवळे खोड काटकोनात वाकवून धरणारे प्लास्टिकचे चाप, लवचीक दोऱ्यांची एक जाळी आणि चार पानांची सूचनापुस्तिका असे त्याचे स्वरूप असते. निरनिराळ्या नावांनी मिळणारे हे संच आतून जवळजवळ एकसारखेच असल्यामुळे येथे एखाद्या विशिष्ट नाममुद्रेचा नव्हे, तर या प्रकारच्या संचाचा विचार केला आहे. परीक्षण मिरची, टोमॅटो आणि बेझिल यांच्या रोपांवरील वापरावर आधारलेले आहे, आणि तेही वाढीच्या पहिल्या टप्प्यापुरते, म्हणजे फुले दिसू लागण्याच्या आधीच्या काळापुरते.

अशा संचांची मागणी वाढण्यामागे गांजाच्या घरगुती लागवडीचा मोठा हात आहे, हे वेष्टनावरील चित्रांवरूनच कळते. कॅनडाने २०१८ मध्ये आणि जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरी मोजकी झाडे लावण्याची मुभा दिली. अनेक देशांत मात्र ही लागवड आजही गुन्हाच आहे. संचातील साधनांना अर्थातच या पिकाशी काही देणेघेणे नाही. शेंडा खुडणे, फांदी आडवी बांधणे आणि फुटवे सारख्या उंचीवर आणणे या क्रिया मिरचीला जितक्या लागू आहेत तितक्याच टोमॅटोला, आणि फळबागांमध्ये तर त्या कितीतरी जुन्या आहेत.

घराच्या आत या क्रियांना विशेष महत्त्व येते ते प्रकाशामुळे. उघड्यावरील रोपावर दिवसभरात निरनिराळ्या दिशांनी ऊन पडते. घरात दिवा एकाच जागी टांगलेला असतो आणि रोप त्यापासून जसजसे दूर असेल तसतसा त्याला मिळणारा प्रकाश झपाट्याने घटतो. एकच शेंडा सरळ वर गेला तर दिवा त्याच्या उंचीनुसार वर घ्यावा लागतो आणि खालचे फुटवे अंधारात राहतात. दिवा खालीच ठेवला तर शेंड्याची पाने करपतात. म्हणून सगळे शेंडे साधारण एका पातळीत ठेवणे हाच येथील वळणाचा मुख्य हेतू असतो, आणि संचातील प्रत्येक वस्तू या एका कसोटीवर पारखणे योग्य ठरेल.

शेंडा जोमात असताना त्याखालच्या पेरांवरील डोळे (न फुटलेले कोंब) का झोपून राहतात, याचे उत्तर थिमन आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात ब्रॉड बीन या शेंगवर्गीय पिकाच्या रोपांवर प्रयोग करून दिले होते: शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खाली वाहते आणि बाजूच्या डोळ्यांना रोखते. पुढे चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. २०१४ मध्ये वाटाण्याच्या रोपांवर झालेल्या संशोधनात असे दिसले की शेंडा काढल्यावर डोळे जागे होण्याची सुरुवात ऑक्झिन घटण्याच्याही आधी होते, कारण शेंड्याकडे ओढली जाणारी साखर एकाएकी त्यांच्या वाट्याला येते. हे तपशील संचाच्या परीक्षणात आणण्याचे कारण असे की पुस्तिकेचा सारा भर कापण्यावर आहे, आणि साखरेचा हिशेब लक्षात घेतला तर कोवळ्या रोपावर कापण्यापेक्षा वाकवणेच अधिक शहाणपणाचे ठरते. वाकवलेल्या फांदीचे एकही पान कमी होत नाही. तिच्या टोकाचे वर्चस्व तेवढे ढिले पडते आणि वरच्या अंगाचे डोळे फुटू लागतात.

कात्री मात्र खरोखर चांगली आहे. बागेतील नेहमीचा सिकेटर, म्हणजे छाटणीची जाड कात्री, पेन्सिलीएवढ्या फांद्यांसाठी असतो. पानाच्या बगलेत शिरून शेजारच्या डोळ्याला धक्का न लावता कोंब टिपणे त्याच्या जाड पात्यांना जमत नाही. या कात्रीची पाती सुईसारखी निमुळती असून टोकापर्यंत एकमेकींवर नीट बसतात, त्यामुळे कोवळे खोड चेंगरत नाही. चेंगरलेला काप उशिरा सुकतो आणि बंद, दमट जागेत तेथे बुरशीला आयतीच वाट मिळते. मुठीतील स्प्रिंग मऊ असल्याने बोटे दुखत नाहीत. कडीची अडचण मात्र आहे: ती अंगठ्याच्या अगदी जवळ असल्याने काम चालू असतानाच कात्री मधूनच बंद होते. पात्यांवरचा काळा लेप चीक चिकटू नये म्हणून दिलेला असतो आणि तो काम देतोही, पण खरखरीत घासणीने पुसला तर निघून जातो.

कात्रीच्या स्वच्छतेबद्दल पुस्तिकेत केवळ ‘अल्कोहोलने पुसा’ एवढेच लिहिले आहे. हे वाक्य मिरची-टोमॅटोवाल्यांना अपुरे आहे. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल जिवाणू आणि बहुतेक बुरशींसाठी पुरेसे आहे, परंतु टोमॅटो-मिरचीच्या कुळात कापाच्या रसावाटे पसरणारे तंबाखू मोझॅकसारखे विषाणू त्याला सहज दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी घरगुती ब्लीचचे १० टक्के द्रावण किंवा साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे २० टक्के द्रावण अधिक परिणामकारक मानले जाते. ब्लीच पोलादाला खाते, म्हणून नंतर पाती साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवणे आवश्यक आहे. एका रोपावरून दुसऱ्यावर जाण्यापूर्वी हे करण्याचा कंटाळा येतो, हे मान्य. दुधाचे द्रावण वाटीत घेऊन प्रत्येक रोपानंतर पाती त्यात बुडवली तर कंटाळा निम्मा होतो.

कुठे कापावे हे पुस्तिकेने बरे सांगितले आहे. पेराच्या अगदी लगत न कापता सुमारे अर्धा सेंटीमीटर खोड वर राखावे, म्हणजे वाळत जाणारे टोक डोळ्यापर्यंत पोहोचत नाही. बेझिलचा शेंडा पानांच्या तिसऱ्या जोडीच्या वर खुडला की खालून दोन फांद्या निघतात, आणि या पिकापुरता पुस्तिकेचा कापण्यावरचा भर रास्तच आहे. मिरचीच्या बाबतीत घाई करण्याचे कारण नाही, कारण ती पहिल्या फुलाच्या जागी आपणहून दुभंगते. लवकर खुडल्यास झाड बुटके व पसरट होते, पण फळ उशिरा येते. टोमॅटोच्या सतत वाढणाऱ्या जातींत नेहमी बगलफूट काढायची असते, शेंडा नव्हे. पुस्तिका सर्व पिकांना एकच चित्र लावते, हा तिचा मोठा दोष आहे.

संचातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मऊ आवरणाची तार, आणि तिच्याकडेच ग्राहकाचे लक्ष सर्वांत कमी जाते. आतली धातूची तार वळवली तशी राहते, आणि बाहेरचे फेसासारखे रबर खोडाच्या सालीत रुतत नाही. रुतणे ही क्षुल्लक बाब नाही: सालीलगतच्या थरातूनच पानांत तयार झालेले अन्न खाली मुळांकडे जाते, आणि बारीक दोऱ्याचा फास वाढत्या खोडाभोवती आवळला तर ती वाट बंद होते. म्हणून तारही खोडाला गुंडाळू नये. इंग्रजी आठच्या आकाराचा सैल फेरा घालून दुसरे टोक कुंडीच्या काठाला अडकवावे. संचातील तारेची लांबी दोन-तीन रोपांना पुरते, अधिक रोपे असतील तर वेगळे वेटोळे घ्यावे लागते.

वाकवण्याची वेळ महत्त्वाची आहे आणि ती पुस्तिकेत कुठेच नाही. नुकतेच पाणी दिलेल्या रोपाच्या पेशी पाण्याने तटतटलेल्या असतात आणि खोड काकडीसारखे कडकन मोडते. पाण्याची पुढची पाळी येण्याच्या थोडे आधी, माती वरून कोरडी झाली असताना, तेच खोड निमूटपणे वळते. तेव्हाही ते एका दमात आडवे करू नये. आज थोडे, दोन दिवसांनी आणखी थोडे असे वळण द्यावे. वाकलेला शेंडा काही तासांतच पुन्हा वर पाहू लागतो. ते रोपाच्या आरोग्याचे लक्षण असून बांधणी फसल्याचे नव्हे. खोडाला चीर पडलीच आणि साल एका बाजूने अखंड असली, तर ते जुळवून चिकटपट्टीने बांधल्यास बहुधा सांधते.

प्लास्टिकचे चाप दिसायला चतुर आहेत आणि त्यांच्या जाहिरातीच्या मानाने उपयोग तोकडा आहे. चाप ठरावीक जाडीच्याच खोडाला बसतो. त्याहून बारीक रोपावर तो घसरतो आणि स्वतःच्या वजनाने त्याला लोळवतो, त्याहून जाड खोडावर तो बसवताना साल सोलवटते. नव्वद अंशांचा एकच कोन असल्यामुळे हळूहळू वळण देण्याची सोयही उरत नाही. मिरचीच्या बाजूच्या फांद्या किंचित बाहेर लोटण्यासाठी ते बरे आहेत, विशेषतः कुंडीला काठ नसेल किंवा कापडी पिशवीत रोप असेल आणि तार अडकवायला जागा नसेल तेव्हा. वापरायचेच तर दर तीन-चार दिवसांनी काढून पाहावे, कारण वळणाच्या जागी खोड जाड होत जाते आणि चाप आत अडकून बसतो.

जाळी या टप्प्यावर नको. ती फांद्यांनी भरण्यासाठी रोप बरेच मोठे असावे लागते आणि एकदा फांद्या तिच्यातून वर आल्या की कुंडी हलवता येत नाही, मागील बाजूस हात पोहोचत नाही, पाने तपासता येत नाहीत.

मोठी पाने ‘प्रकाश अडवतात’ म्हणून सरसकट काढून टाकण्याचा पुस्तिकेतील सल्ला मात्र दुर्लक्षिणेच इष्ट. कोवळ्या रोपाची मोठी पाने हाच त्याचा अन्नाचा कारखाना असतो. एखादे पान खरोखरच फुटव्याला झाकत असेल तर ते बाजूला सारून त्या फुटव्याखाली खोचता येते. पिवळी पडलेली आणि मातीला टेकणारी पाने तेवढी काढावीत. खुडणे, कुंडी बदलणे आणि वाकवणे ही तिन्ही कामे एकाच आठवड्यात उरकण्याची पुस्तिकेतील वेळापत्रकाची पद्धतही रोपाला जड जाते. नव्या कुंडीत मुळे रुजून नवी पाने दिसेपर्यंत कात्री कपाटातच असू द्यावी.

ज्याच्याकडे आधीच बारीक टोकाची कात्री आहे त्याने संच न घेता फक्त मऊ तार आणावी. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने जाळी नसलेला छोटा संच शोधावा, आणि विकत घेण्यापूर्वी कात्रीची पाती प्रकाशासमोर मिटवून टोकापाशी फट राहत नाही ना एवढे पाहून घ्यावे. स्प्रिंग वेगळी मिळते की नाही हेही विचारावे, कारण या कात्र्यांमध्ये पात्यांच्या आधी तीच निकामी होते.