संचकारपत्रात तारीख नव्हती, फक्त '60 दिवस' होते

बेळगावात घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने संचकारपत्रावर, म्हणजे संचकार (इसाराची आगाऊ रक्कम) देऊन केलेल्या खरेदीच्या करारावर, सही करण्यापूर्वी हे वाचावे, एवढ्यासाठीच, घरच्यांना पसंत नसतानाही, मी हे लिहीत आहे. माझे 7,50,000 रुपये ज्या कागदावर अडकले त्यावर रक्कम होती, चतुःसीमा होती, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. खरेदीदस्त कोणत्या दिवशी होणार, हे मात्र त्यावर कोठेही लिहिलेले नव्हते.

शहापूरमधील आमचे जुने घर विकून मंडोळी रोडच्या बाजूला 46,50,000 रुपयांना एक घर घ्यायचे ठरले. जुने घर घेणाऱ्यांच्या वकिलाने आमच्याकडून 28 मार्च 2025 ही तारीख लिहून घेतली आणि त्या दिवशी ताबा न दिल्यास दररोज 1,000 रुपये दंड, असेही कलम घातले. मी ते निमूटपणे मान्य केले, कारण नवे घर पाडव्यापर्यंत हाती येईल, असे एजंटाने आणि घरमालकाने मला तोंडी सांगितले होते. पाडवा 30 मार्चला होता. "काका, गुढी नव्या घरातच उभी करायची, तारखेची काळजी माझ्यावर सोडा," हे एजंटाचे शब्द माझ्या पत्नीने, मुलाने आणि जावयाने ऐकलेले आहेत.

संचकारपत्र 20 जानेवारीला दस्तलेखकाच्या टेबलावर तयार झाले. मसुद्यात तारखेसाठी जागा कोरी सोडलेली होती. दस्तलेखकाने विचारले, "तारीख कुठली घालू?" मालकाने उत्तर दिले नाही, त्याने एजंटाकडे पाहिले. एजंटाने लगेच पोराला चहा आणायला पिटाळले, कागद स्वतःकडे ओढला आणि म्हणाला, "ई-खाता अजून यायचा आहे, तारीख घातली आणि सरकारी कामाला उशीर झाला तर दोघांचीही पंचाईत, त्यापेक्षा तो मिळाल्यापासून 60 दिवस लिहू." त्या एका नजरेत सारे काही होते, आणि आजही ती आठवली की अंगाची लाही होते. परंतु त्या क्षणी त्याचे बोलणे कोणालाही पटले असते. ई-खात्याशिवाय, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी ऑनलाइन उताऱ्याशिवाय, दस्त नोंदवला जात नाही, हे 2024 पासून आपण सगळेच ऐकून आहोत. शिवाय मालक आपल्यातलाच, मराठी बोलणारा, आमच्या सोयऱ्यांच्या ओळखीचा होता. कागद कन्नडमध्ये होता. कन्नड मला वाचता येते, पण कायद्याच्या कन्नडमधील लांबलचक वाक्ये भरभर उमगत नाहीत, म्हणून एजंटाने ती मराठीत सांगितली. मुदतीत रक्कम न दिल्यास संचकार जप्त होईल, हा त्याच वाक्याचा शेवटचा भाग त्याने सांगितलाच नाही.

5,50,000 रुपये आरटीजीएसने दिले आणि 2,00,000 रोख दिले. रोख रकमेची नोंद कागदावर नको, असे मालकाचे म्हणणे होते, आणि आपल्याकडे हा व्यवहार असाच चालतो, हे कोणी नाकारू नये. एजंटाने स्वतःचे 23,250 त्याच दिवशी घेतले.

28 मार्चला आम्ही ठरल्याप्रमाणे जुन्या घराचा ताबा दिला आणि 50,000 रुपये डिपॉझिट भरून, 11,000 रुपये महिना भाड्याने दोन खोल्यांत राहायला गेलो. सासूबाईंचे सागवानी कपाट गॅलरीत ठेवावे लागले. जूनच्या पावसाने त्याच्या फळ्या फुगल्या आणि दार आता लागत नाही. नव्या घराच्या मालकाला विचारले की एकच उत्तर येई, "फाईल अडकली आहे." ही फाईल मे महिन्यापर्यंत दाखलच झालेली नव्हती, हे मला फार उशिरा कळले. अर्ज केल्याची पोचपावती हातात घेतल्याशिवाय 'फाईल अडकली' यावर विश्वास ठेवू नका.

खरा डाव पुढे होता. ई-खाता 9 जूनला निघाला आणि मला कोणीही कळवले नाही. कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे, असे कागदात लिहिलेलेच नव्हते. 60 दिवस 8 ऑगस्टला संपले, 25 ऑगस्टला, ऐन गणपतीच्या तोंडावर, तेच घर 53,00,000 रुपयांना दुसऱ्याच्या नावे नोंदले गेले, आणि हे मला नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून काढलेल्या ई.सी.मध्ये (मालमत्तेवरील नोंदलेल्या व्यवहारांच्या दाखल्यात) वाचावे लागले. माझ्या नोटिशीला त्यांच्या वकिलाचे उत्तर आले की मी मुदतीत उर्वरित 39,00,000 दिले नाहीत, सबब करार रद्द आणि संचकार जप्त. जोपर्यंत त्यांना वेळ काढायचा होता तोपर्यंत मुदत सुरूच होत नव्हती, आणि जास्त पैसे देणारे गिऱ्हाईक मिळताच तीच मुदत माझ्या पाठीमागे संपूनही गेली होती. ई.सी. सहीच्या दिवशी एकदा काढून चालत नाही. दस्त होईपर्यंत दर पंधरवड्याला काढा.

पोलीस ठाण्यात मराठीत लिहिलेला अर्ज घेतला गेला नाही, "कन्नडमध्ये आणा" म्हणाले. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के वा अधिक आहेत, तेथे सरकारी कागदपत्रे त्यांच्याही भाषेत मिळावीत, हे धोरण कागदावर आहे, आणि आमची माणसे ते किती वर्षे मागत आहेत, हे मी सांगायला नको. कन्नड अर्ज नेला तेव्हा तो वाचण्यापूर्वीच "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" असे ऐकवण्यात आले. ज्याने ई-खाता लपवला, त्याला एक फोन करण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. उलट रोख दोन लाखांबद्दल मलाच दरडावून विचारण्यात आले. घराच्या व्यवहारात 20,000 रुपये वा अधिक आगाऊ रक्कम रोखीने स्वीकारण्यास 2015 पासून बंदी आहे आणि त्याचा दंड घेणाऱ्याला होतो, हे मला वकिलाने सांगितले, पोलिसांनी नव्हे. नोंदणी कार्यालयात उत्तर मिळाले की नोंदणी न झालेल्या संचकारपत्राशी त्यांचा संबंध नाही. मग सामान्य माणसाने जायचे तरी कोठे? घर मिळवण्यासाठी दावा लावावा तर कर्नाटकात कोर्ट फी व्यवहाराच्या पूर्ण रकमेवर भरावी लागते.

अखेर सोयऱ्यांच्या मध्यस्थीने 4,00,000 परत आले, 3,50,000 गेले. पुढे हिंडलग्याला 41,00,000 रुपयांचे घर घेतले. तोवर 31 ऑगस्टपासून नोंदणी शुल्क एक टक्क्यावरून दोन टक्के झाले होते, त्या उशिराचे 41,000 वेगळे. या वेळी संचकारपत्र नोंदवूनच घेतले, त्यामुळे ते ई.सी.मध्ये दिसते आणि पुढचा खरेदीदार 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणू शकत नाही. दस्ताचा दिवस, महिना आणि वर्ष अक्षरी लिहून घेतले. ई-खाता मिळताच मालकाने रजिस्टर पोस्टाने कळवावे आणि त्या तारखेपर्यंत तो न मिळाल्यास संचकार 15 दिवसांत परत करावा, हेही घातले. जुने घर विकण्याची तारीख नवे घर मिळण्याच्या आधीची कधीही मान्य करू नका, समोरचा वकील कितीही घाई करो.

आणि ज्यांनी '60 दिवस' लिहिलेल्या कागदावर आधीच सही केली आहे, त्यांनी याच आठवड्यात वकिलामार्फत नोटीस पाठवावी, उर्वरित रक्कम तयार असल्याचे बँकेचे पत्र सोबत जोडावे आणि ई-खात्याची सद्यस्थिती लेखी मागावी. खरेदीदार पैसे देण्यास तयार होता की नाही, हे कोर्ट सर्वांत आधी विचारते.