आयनॅचरलिस्ट : शहरातील उत्क्रांती टिपणारे अ‍ॅप

शहरात राहणारे जीव कसे बदलत आहेत, याचे ज्यांना मनापासून कुतूहल आहे, त्यांनी आयनॅचरलिस्ट हे विनामूल्य अ‍ॅप अवश्य वापरावे. २००८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेले हे व्यासपीठ मुख्यतः ‘हा जीव कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर देते : छायाचित्र चढवले की संगणक नाव सुचवतो आणि इतर सदस्य ते तपासून दुजोरा देतात किंवा दुरुस्ती करतात. उत्क्रांतीच्या दृष्टीने मात्र नावाहूनही मोलाची ठरते ती त्या छायाचित्रासोबत नोंदली जाणारी तारीख आणि जागा.

उत्तर अमेरिकेतील करड्या खारीचे उदाहरण याची साक्ष देते. या खारीचा एक प्रकार पूर्ण काळा असतो. सामान्य नागरिकांनी या अ‍ॅपवर नोंदवलेली हजारो छायाचित्रे रंगानुसार वेगळी केल्यावर अनेक शहरांत असे दिसले, की काळ्या खारींचे प्रमाण शहरात अधिक आणि भोवतालच्या रानात कमी आहे. रानात शिकारी आणि भक्षक अधिक असतात आणि तेथे काळी खार त्यांच्या नजरेत लवकर भरत असावी, तर शहरातील डांबरी रस्त्यावर ती वाहनचालकाला लवकर दिसत असल्याने वाचत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात उत्क्रांतीचा विचारही नसेल, तरीही त्यांच्या नोंदींमुळे हा अभ्यास शक्य झाला, ही मला या अ‍ॅपची सर्वांत मोठी कमाई वाटते.

त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेतील डास नव्या प्रजातीच्या जन्माचे उदाहरण म्हणून वर्षानुवर्षे सांगितले गेले. हा डास माणसाला चावतो, बंदिस्त जागेत मीलन करतो आणि रक्त न पिता पहिली अंडी घालतो. जमिनीवरचा त्याचा नातलग प्रामुख्याने पक्ष्यांना चावतो. दिसायला मात्र दोघे सारखेच असल्याने छायाचित्रावरून त्यांच्यात फरक करता येत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तर या डासाचे मूळ लंडनमध्ये नसून हजार वर्षांहून आधीच्या भूमध्य-मध्यपूर्व प्रदेशातील मानवी वस्त्यांत असल्याचे दाखवले. प्रजाती वेगळी होण्याच्या प्रक्रियेत वर्तन आणि जनुके आधी बदलून रूप तसेच राहू शकते, आणि तेथे हे अ‍ॅप काहीच सांगू शकत नाही.

रंग, आकार आणि ठिपके यांच्या बाबतीत मात्र ते भरवशाचे आहे. पुण्या-मुंबईतील वापरकर्त्यांना माझी आग्रहाची सूचना अशी, की दुर्मीळ पक्ष्याच्या मागे लागण्याऐवजी कबुतर, साळुंकी, खार आणि भिंतीवरची पाल यांच्याही नोंदी कराव्यात, बाजूने आणि पुरेशा उजेडात छायाचित्र घ्यावे, शक्य तेथे मोजपट्टी ठेवावी आणि जागा अचूक नोंदवावी. तीच जागा पुढच्या वर्षीही टिपली, तर तुलनेसाठी त्या नोंदींचा उपयोग कितीतरी वाढतो.