चित्रकलेचे सर की गावचा दंडारवाला?

जिल्हा परिषदेच्या शाळेत कला आणायची तर दोन वाटा दिसतात. पहिली सरकारी: तास सक्तीचा, शिक्षक पगारी. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल तरच कलेचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा. आमच्याकडच्या लहान गावांत एवढी पोरं आणायची कुठून? मग गणिताच्याच गुरुजींनी शनिवारी फळ्यावर आंबा काढायचा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी मात्र याच वाटेनं नीट होते, हे खरं.

दुसरी वाट: गावातलाच कलावंत, मानधनावर. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दंडार, खडीगंमत ही लोकनाट्यं अजून जिवंत आहेत. वडसा तर इथल्या नाटकांचं माहेरघर. ढोलकीवर ठेका धरता धरता पोरं मात्रा मोजतात, संवाद म्हणताना भीड चेपते. लाजरी पोरगीही मोठ्यानं बोलू लागते. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही स्थानिक कलावंतांना शाळेत आणा म्हणतं. अडचण एकच. दिवाळीनंतर हंगाम लागला की हा गडी रात्रभर स्टेजवर. सकाळी शाळेत येणार कसा?

मला तरी दुसरीच पटते. फक्त मानधन शासनानं द्यावं, वर्गणीतून नको. वर्गणी गणपतीलाच पुरत नाही.