सीहॉर्स, कोरल आणि मासे एकाच टँकमध्ये: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

रीफ टँक (कोरल, म्हणजे प्रवाळ लावलेला खाऱ्या पाण्याचा टँक) आधीच आहे, त्यात सीहॉर्स (समुद्री घोडे) सोडले तर चालतील का, हा प्रश्न सारखा येतो. चालतात, पण विचार उलटा करायला लागतो. रीफ टँकमध्ये सीहॉर्स नाही सोडायचे, सीहॉर्सचा टँक लावायचा आणि त्याला जी कोरल आणि जे मासे सोसतील तेवढेच ठेवायचे. तयार रीफमध्ये शोभेला म्हणून टाकणार असाल तर नका टाकू, बिचारे उपाशी मरतात.

माझ्याकडे इरेक्टस जातीच्या सीहॉर्सची जोडी आहे, टँक ब्रेड, म्हणजे टँकमध्येच जन्मलेली. टँक दीडशेएक लिटरचा, पण उंच घेतलाय कारण जोडी जुळताना दोघं पाण्यात वर वर जातात आणि मादी तिथेच नराच्या पिशवीत अंडी सोडते, उंची कमी पडली तर अंडी खाली सांडतात. शेपटी सरळ धरून घोडा जेवढा भरेल त्याच्या तिप्पट तरी पाणी उंच हवं.

पहिली भानगड टेंपरेचरची. रीफवाले २५-२६ डिग्रीवर टँक चालवतात, सीहॉर्सना २१ ते २३ बरं, कारण पाणी गरम झालं की व्हिब्रिओ बॅक्टेरिया जोरात वाढतात आणि या प्राण्यांना त्याचाच सगळ्यात जास्त त्रास, शेपटीवर जखमा, तोंड सडणं वगैरे. म्हणजे खोली गरम राहत असेल तर चिलर (पाणी गार करणारं यंत्र) आलाच, आणि चिलर आला की त्याची घरघर आली, वर तो टँकमधली उष्णता खोलीत सोडतो ते वेगळंच. तरी सगळ्या सामानात पैसे वसूल कशाने झाले विचाराल तर चिलरने. माझा टँक २२-२३ वर असतो आणि सॉफ्ट कोरलना त्याचं काही वाटत नाही, वाढ जरा सावकाश होते एवढंच.

कोरलमध्ये मशरूम, झोआ, टोडस्टूल लेदर, केनिया ट्री आणि गॉर्गोनियन (झाडासारख्या फांद्यांचं कोरल) एवढं ठेवलंय. गॉर्गोनियन तर पाहिजेच! सीहॉर्सला शेपटी गुंडाळायला काहीतरी लागतंच आणि माझ्या मादीने जांभळ्या गॉर्गोनियनची एक फांदी कायमची ताब्यात घेतलीय. तिची शेपटी जिथे असते तेवढ्या पट्ट्यातले पॉलिप (कोरलचे फुलासारखे बारीक जीव) उघडतच नाहीत, वरचे खालचे मस्त फुललेले आणि मध्ये टक्कल. कोरल नीटनेटकी दिसावीत असं ज्यांना वाटतं त्यांना हे झेपणार नाही. टॉर्च, हॅमर, एलिगन्स ही कोरल आणि अॅनिमोन यांचं नावच काढू नका, डंख मारतात आणि सीहॉर्सला खवले नसतात, हाडांच्या कड्यांवर नुसती कातडी. तो बाजूला सरकेल असंही समजू नका, जिथे शेपटी टेकली तिथे तो थांबतो. एसपीएस (बारीक पॉलिपची दगडी कोरल) मी लावलेच नाहीत, त्यांना लागणारा लाइट, फ्लो (पाण्याचा प्रवाह) आणि स्वच्छ पाणी यातलं काहीच इथे बसत नाही.

फ्लोबद्दल मात्र जुना सल्ला बाजूला ठेवा. पाणी जवळपास स्थिर पाहिजे असं पूर्वी सांगायचे, तसं केलं की कोपऱ्यात घाण साठते. बऱ्यापैकी फ्लो ठेवायचा आणि एक-दोन शांत कोपरे सोडायचे, घोडे स्वतःच फिरून जागा ठरवतात. पण पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज हवाच, आणि हीटर असेल तर त्याला गार्ड, कारण शेपटी त्यालाही गुंडाळतात आणि भाजून घेतात.

आता मासे. खरा घोळ इथे आहे, आणि तो मारामारीचा नाही, खाण्याचा आहे. सीहॉर्सला दात नाहीत, पोटही नाही, खाल्लेलं सरळ आतड्यातून पुढे जातं म्हणून दिवसातून दोन-तीनदा द्यावं लागतं, आणि पंगतीत सगळे उठले तरी ज्याचा वरणभातच चाललेला असतो तसा हा जेवतो. फ्रोझन मायसिसचा (कोळंबीसारखा बारीक जीव, गोठवलेला) एक तुकडा समोर आला की आधी एक डोळा त्याच्यावर, दुसरा भलतीकडे, मग मान वाकवून नळीसारखं तोंड जवळ नेणार, बघणार, परत बघणार, कधी आवडलं नाही म्हणून सोडूनही देणार, आणि घेतलं तर टक्! काचेबाहेर ऐकू येतो तो आवाज. लगेच कल्ल्यांतून धुरासारखा बारीक चुरा बाहेर येतो. पाण्यात नायट्रेट (घाण कुजून होतं ते) का वाढतं ते त्या चुऱ्याकडे बघितलं की कळतं. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आपल्या टँकच्या मापापेक्षा मोठा घ्या, माझा तसाच आहे आणि तरी तो रिकामा बसत नाही.

एवढ्या वेळात क्लाउन किंवा डॉटीबॅक सगळं फस्त करून मोकळे होतील. टँग, ट्रिगर, एंजल, पफर तर विषयच नाही. माझ्याकडे पजामा कार्डिनल, फायरफिश आणि एक छोटा गोबी आहे, तिघेही गरीब. फायरफिश उडी मारतो म्हणून वर जाळी. पाइपफिश नात्यातला असला तरी समुद्रातून पकडलेला आणून सोडू नका, रोग घेऊन येतो. चोर निघाला तो क्लीनर श्रिंप, म्हणजे माशांची सफाई करणारी कोळंबी! मायसिस मी काचेच्या वाटीत पिपेटने सोडतो, घोडे तिथे जमायला शिकलेत, आणि हा पठ्ठ्या वाटीत उतरून बसतो. आता त्याला आधी दगडामागे त्याचा वाटा देतो, मग वाटी भरतो.

पिल्लंही झाली, नराच्या पिशवीतून शेकड्याने बाहेर पडली. त्यांना वेगळा टँक आणि रोज ताजं उबवलेलं आर्टेमिया (अगदी बारीक कोळंबीसारखे जीव) लागतं, तो एक पूर्णवेळ उद्योग आहे, मी त्यात पडलो नाही.

घेताना टँक ब्रेडच घ्या आणि तुमच्यासमोर फ्रोझन खाऊन दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. मला एकाने समुद्रातला घोडा टँक ब्रेड म्हणून दाखवला होता, मायसिस टाकलं तर बघेचना. सगळ्या सीहॉर्सचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००४ पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ खाली येतो, त्यामुळे कागद मागायला लाजू नका, आणि काही देशांत पाळायलाच बंदी आहे, तो कायदा टँक घ्यायच्या आधी बघा.

सुट्टीवर जायचं असेल तर ऑटो फीडर कामाचा नाही, त्यात फ्रोझन चालत नाही. माणूसच लागतो, तोही वाटी भरून पाच मिनिटं थांबणारा आणि उरलेलं काढून टाकणारा. असा माणूस मिळेपर्यंत आम्ही घरातले सगळे एकदम कुठे गेलेलो नाही.